गुण आला, पण निदान काय?

२०२२ च्या दिवाळीनंतर एका शाळेच्या प्रयोगशाळेत आम्ही दोन दिवस विज्ञान शिक्षकांबरोबर होतो. प्रयोग साधा होता. गरम पाणी थंड होत असताना त्याचं तापमान दर पाच सेकंदांनी संगणकाने आपोआप नोंदवायचं आणि त्याचा आलेख काढायचा. त्यासाठी आर्डुइनोचे छोटे बोर्ड, तापमानाचे संवेदक, यूएसबीच्या केबली आणि शाळेचे लॅपटॉप एवढं साहित्य होतं. आदल्या वर्षी याच लॅपटॉपांवर हाच प्रयोग निर्वेध पार पडला होता. या वेळी मात्र बोर्डावरचा दिवा लागे, पण आर्डुइनोच्या खिडकीत पोर्ट निवडायची जागा फिकट पडलेली. बोर्ड जोडलेला असूनही संगणकाच्या लेखी तो नव्हताच.

मधल्या काळात एकच बदल झाला होता. सुट्टीत लॅपटॉपवरची उबुंटू २०.०४ ही कार्यप्रणाली काढून पेन ड्राइव्हवरून २२.०४ बसवली होती.

अर्ध्या तासाने एक बाई हसतमुखाने आल्या. ''झालं सर! एक ओळ टाकली आणि चालू झालं.'' ती ओळ मग टेबलामागून टेबलं फिरली आणि चहापूर्वी बारा लॅपटॉपांवर आलेख उमटू लागले. आम्ही विचारलं, ओळीत काय आहे? 'बीआरएलटीटीवाय' नावाचं काहीतरी काढून टाकायची आज्ञा होती ती. हे बीआरएलटीटीवाय म्हणजे काय? ते मात्र खोलीत कुणालाच माहीत नव्हतं. ''काहीतरी फालतू असेल, मध्ये येत होतं,'' असं उत्तर आलं.

हा लेख त्या एका ओळीवरची टीका आहे. ती बाईंवर नाही, कारण बाईंना ती ओळ दुसऱ्या कुणीतरी दिली होती आणि त्यालाही तिसऱ्याने. या दोषावर उपाय म्हणून ती तेव्हा जगभर सांगितली जात होती. ती लागू पडते, हेही खरं. आमची तक्रार ती लागू पडल्यानंतर जे होतं त्याबद्दल आहे.

आधी त्या अर्ध्या तासात काय काय करून झालं होतं ते पाहू, कारण त्यात शिकण्यासारखं बरंच आहे. पहिला संशय केबलवर गेला. हा वाजवी होता. मोबाइल चार्ज करायच्या काही केबलींत विदा वाहणाऱ्या तारा नसतातच. दोन केबली बदलल्या, फरक पडला नाही. मग एका सरांनी जुन्या अनुभवावरून सांगितलं, ''वापरकर्त्याला 'डायलआउट' गटात घालावं लागतं.'' तेही केलं, लॅपटॉप बंद करून चालू केला, फरक नाही. हा उपाय लागू पडणार नव्हता हे आधीच कळू शकलं असतं. गटात नसलेल्या माणसाला पोर्ट दिसतं, पण उघडायला गेलं की 'परवानगी नाही' असं उत्तर येतं. इथे पोर्टच नव्हतं. दाराला कुलूप असणं आणि भिंतीत दारच नसणं यांतला फरक आपण नववीच्या मुलांकडून वदवून घेतला असता. संगणकासमोर बसलं की आपण तो विसरतो आणि माहीत असलेले सगळे उपाय ओळीने करत सुटतो.

तिसरा तर्क मात्र फारच मोहात पाडणारा होता. शाळेकडे दोन प्रकारचे बोर्ड होते. दोन-तीन मूळ कंपनीचे 'उनो', आणि बाकीचे बाजारात स्वस्तात मिळणारे, त्याच आराखड्यावर दुसऱ्यांनी बनवलेले 'नॅनो'. मूळ उनो लावला की पोर्ट दिसे, स्वस्त नॅनो लावला की नाही. झालं! निष्कर्ष तयार: डुप्लिकेट माल. एका सरांनी तर मुख्याध्यापकांकडे नवीन बोर्डांची मागणी लिहायला घेतली होती.

एक लॅपटॉप सुट्टीत कपाटात राहून गेल्यामुळे जुन्याच प्रणालीवर होता. आम्ही तो मागवला आणि फळ्यावर चार घरांची चौकट काढली. जुनी प्रणाली आणि मूळ बोर्ड: चालतं. जुनी प्रणाली आणि स्वस्त बोर्ड: चालतं. नवी प्रणाली आणि मूळ बोर्ड: चालतं. नवी प्रणाली आणि स्वस्त बोर्ड: चालत नाही. आता सांगा, दोष बोर्डाचा की प्रणालीचा? हा प्रश्नच चुकीचा ठरतो. स्वस्त बोर्ड जुन्या प्रणालीवर ठणठणीत आहे आणि नवी प्रणाली मूळ बोर्डाशी नीट बोलते. बिघाड त्या दोघांच्या गाठीत आहे. चौकटीतलं एकच घर पाहून निष्कर्ष काढणाऱ्यांत 'डुप्लिकेट माल' म्हणणारे सर होते, तसेच 'ही फुकट सॉफ्टवेअरं अशीच' म्हणणारेही होते.

गाठ कुठे आहे, हे संगणक स्वतः लिहून ठेवत होता. लिनक्सचा गाभा आपल्या कामाची रोजनिशी ठेवतो आणि 'डीमेसेज' ही आज्ञा ती वाचून दाखवते. (जुन्या पुस्तकांत ही आज्ञा कुणालाही देता येते असं लिहिलेलं सापडेल. उबुंटूच्या २०.१० पासूनच्या आवृत्त्यांत त्यासाठी प्रशासकाचा अधिकार लागतो. म्हणजे दोष शोधायचं साधनसुद्धा प्रणालीबरोबर बदललेलं असतं.) बोर्ड जोडल्याबरोबर रोजनिशीत उमटलेल्या ओळींचा मराठीत आशय असा: नवं यूएसबी उपकरण आलं, उत्पादक १ए८६, वस्तू ७५२३, सीएच३४१ चालकाने त्याला 'टीटीवाययूएसबी०' हे पोर्ट दिलं, सीएच३४१ च्या ताब्यात असलेल्या उपकरणाची मांडणी 'बीआरएलटीटीवाय' बदलत आहे, पोर्ट तोडलं. पोर्ट नव्हतं असं नाही. ते येत होतं आणि आल्या आल्या कुणीतरी ते काढून नेत होतं. कुणी, त्याचं नावही तिथेच होतं.

आता हे क्रमांक. प्रत्येक यूएसबी उपकरण जोडल्याबरोबर आपली ओळख दोन आकड्यांत सांगतं: बनवणारा कोण आणि वस्तू कोणती. प्रत्येक आकडा सोळा बिटांचा, म्हणजे प्रत्येकासाठी ६५,५३६ शक्यता. जागा पुष्कळ आहे. पण उत्पादकाचा स्वतंत्र क्रमांक घ्यायचा तर यूएसबीच्या संघटनेला हजारो डॉलर मोजावे लागतात. त्यामुळे लहान उत्पादक संगणकाशी बोलण्यासाठी तयार चिप विकत घेतात आणि चिपचाच क्रमांक आपला म्हणून सांगतात. स्वस्त नॅनोवर सीएच३४० ही चिनी चिप असते आणि १ए८६:७५२३ हा त्या चिपचा क्रमांक आहे. याचा अर्थ असा की हा क्रमांक 'मी आर्डुइनो आहे' असं सांगत नाही. 'माझ्यात सीएच३४० आहे' एवढंच सांगतो. मूळ उनोवर वेगळी चिप आणि आर्डुइनोचा स्वतःचा क्रमांक असतो, म्हणून तो या भानगडीत सापडलाच नाही.

आणि हीच सीएच३४० आणखी एका उपकरणात बसलेली आहे.

बीआरएलटीटीवाय हा अंध व्यक्तींना संगणकाचा पडदा ब्रेलमध्ये वाचता यावा म्हणून १९९५ पासून लिहिला जात असलेला मुक्त प्रोग्राम आहे. त्याच्या लेखकांत स्वतः अंध असलेले प्रोग्रामर आहेत. संगणकाला एक ब्रेल-पट्टी जोडतात. पट्टीवर ओळीने घरं असतात आणि प्रत्येक घरात सहा किंवा आठ बारीक टाचण्या. दाबविद्युत स्फटिकाच्या पट्टीला विद्युतदाब दिला की ती किंचित वाकते आणि टाचणी वर येते. दाबविद्युत परिणाम आपण शिकवतो तो गॅसच्या लायटरच्या उदाहरणाने. हा त्याचा उलटा उपयोग. पडद्यावरची ओळ बोटांखाली उमटते, वाचून झाली की पुढची येते. या प्रोग्राममध्ये मराठी ब्रेलचंही कोष्टक आहे. नावातलं 'टीटीवाय' टेलिटाइप या जुन्या यंत्रावरून आलं आहे आणि हरवलेल्या पोर्टच्या नावातलं 'टीटीवाय'ही तेच.

अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसची अंधांसाठीची राष्ट्रीय ग्रंथालय सेवा आपल्या वाचकांना एक ब्रेल ई-रीडर वापरायला देते. त्याची झूमॅक्स कंपनीने बनवलेली २० घरांची आवृत्ती संगणकाला जोडली की आपला क्रमांक १ए८६:७५२३ सांगते. हे उपकरण आपोआप ओळखलं जावं म्हणून बीआरएलटीटीवायच्या यादीत तो क्रमांक आला. ही यादी असलेली आवृत्ती उबुंटू २२.०४ बरोबर एप्रिल २०२२ मध्ये घरोघर पोचली आणि जगभरचे स्वस्त बोर्ड एका रात्रीत ब्रेल-पट्ट्या ठरले. सीपी२१०२ ही चिप असलेल्या काही बोर्डांवरही हीच पाळी आली. वर्गात दोन पाटील असावेत आणि हजेरीला नुसतं 'पाटील' म्हणावं, तशातला प्रकार.

आता त्या ओळीकडे परत येऊ. तिने काय केलं? एक क्रमांक चुकून दोघांना लागू झाला होता, तर तिने त्यांतल्या एकाला संगणकातूनच घालवलं. तेही अशाला, जो तक्रार करायला येणार नाही. डोळस माणसाला यातला बदल दिसत नाही, कारण त्याच्या पडद्यावर काहीच बदलत नाही. बदल कळतो तो ब्रेल-पट्टी घेऊन त्या लॅपटॉपसमोर बसणाऱ्याला, आणि त्याच्या हाताखाली टाचण्या हलतच नाहीत. बरं, तो दुरुस्ती तरी कशी करणार? कोणता प्रोग्राम नाही हे सांगणारा मजकूर ज्या पट्टीवर वाचायचा तीच बंद आहे.

''पण सर, आमच्या शाळेत कुणी अंध विद्यार्थी नाही.'' हा आक्षेप लगेच आला, आणि तो अप्रामाणिक नव्हता. आमचं म्हणणं एवढंच की हा निर्णय त्यांनी घेतलेला नव्हता. 'आपल्याकडे ब्रेल-पट्टी नाही, हे लॅपटॉप फक्त प्रयोगशाळेत राहणार आहेत, म्हणून हा प्रोग्राम काढू या' असं कुणी म्हणालं असतं तर आम्ही वाद घातला नसता. स्वतःच्या घरच्या संगणकावरही खुशाल काढावा. इथे मात्र काय काढलं हेच माहीत नव्हतं. शिवाय शाळेचे लॅपटॉप प्रयोगशाळेतच राहतात असंही नाही. ते प्रशिक्षणाला जातात, परीक्षेला जातात, दुसऱ्या शाळेला उसने जातात. अंध शिक्षक आपल्या राज्यात थोडे नाहीत.

आम्हाला जास्त खटकली ती दुसरी गोष्ट. ओळ लागू पडल्याबरोबर खोलीतला प्रश्न संपला. पोर्ट का गेलं होतं, जुन्या लॅपटॉपवर का जात नव्हतं, मूळ उनोला का काही झालं नाही, हे प्रश्न आलेख उमटल्यावर कुणाला पडले नाहीत. विज्ञानाच्या शिक्षकांची ती खोली होती. पाणी थंड होण्याचा वेग हळूहळू का कमी होतो, यावर त्यांनी पुढे तासभर अतिशय सुरेख चर्चा केली. हाच माणूस संगणकाच्या बाबतीत ताईत बांधून मोकळा होतो, याचं कारण बहुधा असं की संगणकाला कारणं असतात हे आपल्याला कुणी शिकवलेलंच नाही. आपल्याला 'रिस्टार्ट करून पाहा' हे शिकवलं गेलं.

मग योग्य उपाय कोणता होता? यादीतली एक ओळ निष्प्रभ करणं. 'यूदेव्ह' ही लिनक्सची यंत्रणा उपकरण जोडलं की कोणता प्रोग्राम जागा करायचा ते नियमांच्या फायलींत पाहते. उबुंटू २२.०४ मध्ये या प्रोग्रामच्या नियमांची फाइल '८५-बीआरएलटीटीवाय' या नावाने असते आणि तीत १ए८६:७५२३ शोधला की नियम सापडतो. त्याच्या वरच टिपण आहे की हा क्रमांक झूमॅक्सच्या ई-रीडरचा. त्या नियमाच्या ओळीच्या सुरुवातीला # हे चिन्ह टाकलं की ती ओळ वाचली जात नाही. एक खबरदारी हवी. मूळ फाइल 'यूएसआर' या कप्प्यात असते आणि पुढच्या सुधारणेबरोबर ती नव्याने लिहिली जाऊ शकते. म्हणून तिची प्रत 'ईटीसी' कप्प्यातल्या यूदेव्हच्या नियमांच्या जागी त्याच नावाने ठेवायची आणि बदल प्रतीत करायचा. नाव तेच असेल तर यूदेव्ह ईटीसीमधली फाइल मानतो. हे करायला दहा मिनिटं लागली. बाकी सगळ्या ब्रेल-पट्ट्या पूर्वीसारख्याच ओळखल्या जातात; फक्त तो एक ई-रीडर आपोआप ओळखला जाणार नाही, आणि तो जोडणारा कुणी आला तर # काढायचं. किंमत कुणाला किती पडते, हे इथे नेमकं सांगता येतं.

टीका एकाच बाजूवर ठेवली तर अन्याय होईल. सामाईक चिपच्या क्रमांकावरून उपकरणाचा ताबा घेणं हा कार्यप्रणालीच्या बाजूने झालेला वाईट निर्णय होता, असं आमचं मत आहे. सीएच३४० असलेल्या वस्तूंत ब्रेल-पट्ट्या किती आणि बोर्ड किती, याचा अंदाज बांधणं अवघड नव्हतं. मूळ प्रकल्पात आता सामाईक क्रमांकांचे नियम आणि खास ब्रेल-पट्ट्यांचे नियम दोन वेगळ्या फायलींत आहेत, ते योग्यच आहे. पण त्यांची अडचणही समजून घ्यावी. 'हे ब्रेल-पट्टी आहे का? होय, नाही' अशी चौकट पडद्यावर दाखवून विचारावं, असं एका सरांनी सुचवलं. ही चौकट ज्याच्यासाठी आहे तो ती वाचणार कशाने? डोळसांसाठी प्रश्न विचारणं सोपं आहे. अंधांसाठी आधी पट्टी चालू व्हावी लागते, मग प्रश्न. म्हणून आपोआप ओळखण्याचा आग्रह धरावा लागतो आणि म्हणून असे अपघात होतात. मूळ चूक आपला क्रमांक न घेता चिपचा क्रमांक चालवणाऱ्या उत्पादकांची आहे आणि त्यांना तसं करायला लावणाऱ्या शुल्काची. ते मात्र या सगळ्या वादात कुठे नसतात.

कुणी म्हणेल, रोजनिशी वाचायला लावता, त्यापेक्षा संगणकाने सरळ सांगावं ना. सांगतो तेव्हा काय होतं, त्याचंही उदाहरण आहे. डेबियन १२ (जून २०२३) आणि उबुंटू २४.०४ (एप्रिल २०२४) या आवृत्त्यांत पायथनची पॅकेजं पूर्वीच्या सवयीने 'पिप' वापरून थेट बसवता येत नाहीत. उबुंटूची स्वतःची कितीतरी साधनं पायथनमध्ये लिहिलेली आहेत. तुम्ही घातलेल्या पॅकेजाने त्यांच्या खालची पॅकेजं बदलू नयेत म्हणून ही अटकाव. इथे येणारा संदेश आदर्श म्हणावा असा आहे: का नाकारलं, त्याऐवजी काय करावं, आभासी परिसर कसा तयार करावा, सगळं त्यात आहे. शेवटी, धोका पत्करून पुढे जायचंच असेल तर एक पर्याय दिला आहे. त्याचं नावच 'प्रणालीची पॅकेजं मोडा' अशा अर्थाचं ठेवलं आहे, म्हणजे हात थबकावा. आणि हात थबकत नाही. 'ही अडचण आली तर हा पर्याय जोडा' असं सांगणाऱ्या एका ओळीच्या चिठ्ठ्या आम्ही शाळांतल्या संगणकांवर चिकटवलेल्या पाहिल्या आहेत. फ्यूज उडतो म्हणून त्याच्या जागी जाड तार घालणाऱ्याला आपण दहावीच्या पुस्तकाचा धडा दाखवतो.

आजच्या उबुंटूवर तुम्हाला पोर्टचा हा दोष भेटेलच असं नाही. पुढच्या मोठ्या बदलाबरोबर दुसरा येईल. ही चार घरांची चौकट मुलांकडून करून घ्यायला फार सामान लागत नाही. एक बदललेला संगणक, एक न बदललेला, आणि दोन वस्तू. म्हणून प्रयोगशाळेतले सगळे संगणक एकाच दिवशी बदलू नका, एक जुना ठेवा. तुलनेला काहीतरी हवं. जोडीला वही ठेवा: काय बदललं, कधी, कोणी, कोणती आज्ञा दिली. प्रयोगवहीत आपण हेच लिहून घेतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही राखून ठेवलेल्या एका लॅपटॉपवर नियमाची ती ओळ निष्प्रभ केली आणि बोर्ड जोडला. पोर्ट आलं आणि टिकलं. बाईंनी रोजनिशी उघडून शेवटची ओळ वाचली. 'तोडलं' असं तिथे नव्हतं. मग त्यांनी बाकीच्या बारा लॅपटॉपांकडे पाहिलं आणि विचारलं, ''म्हणजे या सगळ्यांत तो प्रोग्राम परत घालायचा?'' मोबाइलचं इंटरनेट जोडून पाच लॅपटॉप झाले, तेवढ्यात शिपाई किल्ल्या घेऊन आला. उरलेल्या सात लॅपटॉपांचे क्रमांक बाईंनी वहीत लिहून घेतले.